रकान्याच्या वरची एक ओळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शेतकऱ्यांसाठी अनुदानाचा मराठी ऑनलाइन अर्ज बनवला, जवळजवळ प्रत्येक रकान्याखाली सूचना दिली, तरी लोक चुकतात आणि पान मात्र गजबजून गेलं. आता डिझायनर म्हणतोय की सूचना रकान्याच्या आत फिकट अक्षरांत टाकू, नाहीतर बाजूला ‘आय’चं (i) गोल चिन्ह ठेवू, त्यावर गेलं की सूचना उघडेल. यातलं काय करावं?

दोन्ही करू नका. कारणं पुढे सांगतो. आधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण मला हे काम खऱ्या अर्थाने समजलं ते तिथे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका अर्जासाठी मी तालुक्याच्या गावी एका सेतू केंद्रात दोन दिवस बसलो होतो. ऑपरेटरच्या शेजारी स्टूल, हातात वही. अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक पिशवी: आधार, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘कृपया आपल्या बँक शाखेचा वैध आयएफएससी कोड प्रविष्ट करावा’. ऑपरेटर समोरच्या बाईंना म्हणाला, “मावशी, पासबुक काढा. पहिलं पान उघडा. शाखेच्या नावाखाली इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकत्र लिहिलेत बघा, ते वाचा.” मावशींनी पान उघडलं, बोट फिरवलं, सापडलं. दोन दिवसांत त्या माणसाच्या तोंडून ‘प्रविष्ट’ किंवा ‘वैध’ हा शब्द एकदाही आला नाही. तो प्रत्येक वेळी कागदाचं नाव सांगायचा आणि कागदावरची जागा सांगायचा.

मी त्याची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. त्यातूनच पुढे अर्जातल्या सूचना झाल्या.

आपले लोक असा अर्ज आठवून भरत नाहीत, कागदावरून उतरवून भरतात. म्हणून रकान्याच्या सूचनेचं मुख्य काम म्हणजे हातातल्या कागदाकडे बोट दाखवणं. कोणता कागद, त्यावर कुठे, आणि तिथे दोन सारख्या गोष्टी असतील तर त्यातली कोणती. एवढं सांगितलं की ती सूचना उपयोगाची. ‘अचूक माहिती भरा’, ‘काळजीपूर्वक भरा’, ‘सर्व रकाने भरणे अनिवार्य’ ही वाक्यं कोणत्याच कागदाकडे बोट दाखवत नाहीत. ती पहिल्याच दिवशी काढून टाका, पान बरंचसं मोकळं होईल.

त्यानंतर उरलेल्या प्रत्येक सूचनेला विचारा: हे माणसाला सांगायला हवं, की प्रोग्रामनेच सांभाळून घ्यायला हवं? तुमच्या यादीत आधारच्या रकान्याखाली ‘मध्ये जागा न सोडता १२ अंक लिहा’ असं आहे. पण कार्डावर तो नंबर चार-चार अंकांच्या तीन गटांत छापलेला असतो. माणूस तसाच बघून तसाच लिहिणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मधल्या जागा काढणं प्रोग्रामला एका ओळीचं काम आहे. ते करा आणि सूचना पुसा. मोबाइल नंबरच्या आधी कोणी +९१ किंवा शून्य लावलं, तर तेही तसंच काढता येतं.

मराठी अर्जात यातलाच एक वेगळा प्रकार आहे, आणि तो हमखास राहून जातो. मराठी कीबोर्डवरून लिहिणारा माणूस देवनागरी आकडे लिहितो. बहुतेक ठिकाणी आकडे तपासायला जी खूण वापरतात ती जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या प्रोग्रामिंग भाषेत चालतात तिच्यात, फक्त इंग्रजी आकडे ओळखते. मग ९८ लिहिलेल्या माणसाला लाल अक्षरांत उत्तर मिळतं, ‘केवळ अंक लिहा’. त्याने अंकच तर लिहिलेले असतात! मराठी अर्जाने मराठी आकडे नाकारावेत हे मला मनापासून खटकतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दहाही देवनागरी अंक ओळीने लागून आहेत, त्यांचं रूपांतर करणं अगदी सोपं आहे. ते करा, म्हणजे ‘इंग्रजी अंकांतच लिहावे’ ही सूचनाही जाईल.

आता डिझायनरच्या दोन्ही सुचवण्यांकडे येतो.

रकान्याच्या आतली फिकट अक्षरं, म्हणजे प्लेसहोल्डर, पहिलं अक्षर लिहिताच नाहीशी होतात. कागदावरून उतरवणारा माणूस दर दोन-चार अक्षरांनी मान खाली घालतो, पुन्हा वर बघतो. तो वर बघतो तोवर सूचना गेलेली असते. दुसरं म्हणजे बऱ्याच जणांना तो रकाना आधीच भरलेला वाटतो आणि ते तो सोडून पुढे जातात. हे मी त्या केंद्रात पाहिलं आणि नंतरही अनेकदा पाहिलं. तिसरी अडचण खास देवनागरीची. आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या ठेंगण्या रकान्यात खालचे उकार कापले जातात आणि फिकट राखाडी रंगात अनुस्वार दिसेनासा होतो. ‘नाव’ आणि ‘नावं’ यातला फरक तेवढ्या एका टिंबात आहे. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ एवढी रंगतफावत (कॉन्ट्रास्ट) मागितली आहे. ब्राउझरच्या प्लेसहोल्डरचा नेहमीचा राखाडी रंग जेमतेम तिथे पोचतो, आणि डिझायनर मंडळी तो आणखी फिका करतात. उन्हात बांधावर उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

‘आय’च्या चिन्हाबद्दल. त्यावर माउस नेला की उघडणारी छोटी चौकट, म्हणजे टूलटिप, माउस असलेल्यांसाठी जन्माला आली. बोटाने चालणाऱ्या पडद्यावर ‘वर नेऊन थांबणे’ असं काही नसतं. दाबायचं म्हटलं तर ते चिन्ह एवढंसं असतं की अंगठा शेजारच्या रकान्यावर पडतो. आणि मुळात, आपण चुकतोय हे ज्याला माहीत नाही तो मदतीचं चिन्ह का दाबेल? सर्वांत जास्त चुका अशाच माणसांच्या होतात. ज्या सूचनेवाचून अर्ज चुकतो ती लपवायची नाही. आणि जी लपवली तरी चालते, ती बहुधा काढून टाकली तरी चालते.

सूचनेची जागा एकच: रकान्याचं नाव, त्याखाली सूचना, आणि तिच्या खाली रकाना. रकान्याच्या खाली नको. मोबाइलवर रकान्यात बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग झाकतो. ब्राउझरने पूर्वी भरलेली माहिती सुचवली तर तो पट्टाही नेमका रकान्याखालीच उघडतो. वरची ओळ मात्र लिहिताना डोळ्यांसमोर राहते. तिचा आकार रकान्याच्या नावापेक्षा थोडा लहान ठेवा, पण देवनागरीत १४ पिक्सेलच्या खाली जाऊ नका. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडणार नाहीत. रंग गडद राखाडी. तिरपी अक्षरं नकोत, देवनागरीला ती मानवत नाहीत.

सूचना रकान्याशी कोडमध्येही बांधलेली हवी. एरिया-डिस्क्राइब्डबाय नावाचा गुणधर्म आहे, तो लावला की स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) आधी रकान्याचं नाव वाचतो आणि मग सूचना. सूचना अशी एका दमात वाचली जाते, म्हणून ती एक-दोन छोट्या वाक्यांचीच असावी आणि तिच्यात लिंक नसावी. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवायला विसरू नका. नाहीतर मजकूर मराठी असूनही इंग्रजी किंवा हिंदी आवाज तो वाचायला घेतो आणि ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही.

ही झाली सूचना ठेवण्याची पद्धत. खरी मेहनत शब्दांत आहे, आणि ती रकान्यागणिक वेगळी आहे. तुमच्या अर्जातले काही रकाने घेऊन सांगतो.

जन्मतारीख. कॅलेंडर उघडून साठ वर्षं मागे सरकायला लावू नका. दिवस, महिना, वर्ष असे तीन छोटे रकाने द्या आणि प्रत्येकावर तोच शब्द लिहा, म्हणजे ‘दि.दि./म.म./व.व.व.व.’ असली कोडी घालावी लागत नाहीत. पण खरी अडचण लिहिण्याच्या पद्धतीची नाहीच. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कित्येकांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच मांडली. घरी सांगतात ती तारीख वेगळी, दाखल्यावरची वेगळी, आणि कधी कधी आधारवर तिसरीच. अशा माणसाला ‘जन्मतारीख लिहा’ म्हटलं की तो विचारतो, “खरी का शाळेतली?” त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच सूचना: ‘आधार कार्डावर आहे तीच’. एवढे चार शब्द पुरे. पण तुमची तपासणी नेमकी कोणत्या कागदाशी होणार आहे, हे आधी कार्यालयाकडून पक्कं करून घ्या. त्यांनाच ठाऊक नसेल, तर कितीही सुरेख सूचना लिहून उपयोग नाही.

नाव. एकच लांब रकाना आणि ‘संपूर्ण नाव’. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. लग्न झालेल्या बाईचं मधलं नाव पासबुकावर वडिलांचं आणि रेशनकार्डावर नवऱ्याचं असू शकतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर तर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे, म्हणजे पुढे चार भागांची नावंही येणार. नावाचे तुकडे पाडून ‘वडिलांचे/पतीचे नाव’ असा तिरपी रेघ मारलेला रकाना देणं म्हणजे निर्णय बाईवर ढकलणं. अनुदान बँकेत जमा होणार असेल, तर एकच रकाना ठेवा आणि त्यावर लिहा: ‘पासबुकावर आहे तसंच, त्याच क्रमाने, इंग्रजीत’. यातला ‘इंग्रजीत’ हा शब्द गाळू नका. मराठी अर्जात कोणता रकाना कोणत्या लिपीत भरायचा, हा संभ्रम खरा आहे आणि तो पडद्याकडे बघून सुटत नाही.

आयएफएससी. यात ११ अक्षरं असतात. पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. लोक पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहितात. याची सूचना देऊ नका. पाचव्या जागी ओ आला तर तो प्रोग्रामनेच शून्य करावा, कारण तिथे दुसरं काही असूच शकत नाही. मात्र एक सूचना इथे हवी, आणि तीही सगळ्यांना नव्हे. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड मार्च २०२१पासून बंद झाले. पासबुकं मात्र अजून कपाटात आहेत, आणि माणूस पासबुकावरूनच उतरवतो. म्हणून कोडची सुरुवात बीकेडीएन किंवा व्हीआयजेबी अशी झाली, तरच रकान्याजवळ ओळ उमटवा: ‘हा जुना कोड आहे. तुमची बँक आता बँक ऑफ बडोदा झाली आहे. नवीन पासबुकावरचा कोड लिहा’. बाकीच्यांना ही ओळ कधी दिसणारही नाही. सूचना अडचण न होऊ देण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही: ज्याला गरज आहे त्याला, त्याच क्षणी.

आता क्षेत्र. यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण शेतीच्या अर्जात सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

आमच्या अर्जात ‘क्षेत्र (हेक्टर)’ असा एक रकाना होता. वीस गुंठ्यांचा मालक तिथे २० लिहायचा. अर्जाच्या लेखी तो २० हेक्टरचा, म्हणजे जवळपास ४९ एकरांचा धनी व्हायचा आणि अल्पभूधारकांच्या यादीतून बाहेर पडायचा. आम्ही सूचना दिली: ‘क्षेत्र हेक्टरमध्ये लिहावे, उदा. ०.२०’. चुका थोड्या कमी झाल्या, पण भलत्याच लोकांचं क्षेत्र ०.२० दिसू लागलं. उदाहरणच उतरवून काढलेलं! तेव्हापासून उदाहरणाबद्दल मी फार सावध असतो. जे उदाहरण खरं उत्तर म्हणून खपू शकतं ते रकान्याजवळ ठेवू नये. ठेवायचंच असेल तर प्रोग्रामने ते ओळखून विचारावं.

मग आम्ही सूचना सोडून प्रश्नच बदलला. सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हे.आर.चौ.मी.’ असं तीन तुकड्यांत छापलेलं असतं. तसेच तीन छोटे रकाने केले, त्याच क्रमाने, त्याच नावांनी. वर एकच ओळ: ‘सातबाऱ्यावर आहे तसं’. आणि भरून झालं की खाली प्रोग्राम स्वतः लिहायचा: ‘म्हणजे सुमारे २० गुंठे’. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा १०१ चौरस मीटरच्या किंचित वर, त्यामुळे हा हिशेब जुळतो. ४० गुंठ्यांच्या पुढे गेलं की एकरात सांगायचं. शेतकऱ्याच्या डोक्यात हेक्टर नाही, गुंठा आणि एकर आहे. ‘सुमारे ४९ एकर’ असं वाचलं की तो स्वतःच म्हणतो, “अरे, हे काय!” आणि दुरुस्त करतो. नियम सांगण्यापेक्षा त्याने लिहिलेलं त्याच्याच मापात वाचून दाखवणं कितीतरी जास्त कामाचं ठरलं.

हेच उत्पन्नाच्या रकान्याला लावा. ८०००० लिहिलं की खाली ‘ऐंशी हजार रुपये’ असं उमटू द्या. एक शून्य जास्त पडलं तर ‘आठ लाख’ वाचून डोळे लगेच थबकतात. वर ओळ: ‘तहसीलदारांच्या दाखल्यावरचा आकडा, सगळ्या कुटुंबाचा मिळून’. ‘वार्षिक’ हा शब्द असूनही लोक महिन्याचं लिहितात. दाखल्याकडे बोट दाखवलं की ते थांबतं.

मोबाइल नंबरला कागद नाही, म्हणून तिथे वेगळी सूचना लागते: कारण सांगणारी. सेतूत अर्ज भरताना अनेकदा ऑपरेटरचाच नंबर पडतो. ओटीपी लगेच हवा असतो आणि काकांचा फोन घरी राहिलेला असतो. मग पुढचे सगळे मेसेज ऑपरेटरला जातात आणि अर्जात त्रुटी निघाल्याचं काकांना कधी कळतच नाही. ‘१० अंकी मोबाइल क्रमांक’ या सूचनेने ते टळत नाही. ‘अर्जात काही कमी असेल तर याच नंबरवर कळवू. घरातल्या कोणाचा तरी द्या’ याने पुष्कळ टळतं. ई-मेलच्या रकान्यावर ‘नसेल तर सोडा’ एवढं लिहा. नाहीतर लोक काहीतरी रचून लिहितात, आणि तो पत्ता पुढे कायमचा त्यांच्या नावाला चिकटतो.

चूक दाखवणारा संदेश वेगळ्या माणसाने, वेगळ्या शब्दांत लिहू नये. सूचनेत ‘पासबुकावर आहे तसंच’ म्हटलंय आणि चूक झाल्यावर ‘अवैध इनपुट’ म्हटलं, तर माणसाला वाटतं काहीतरी दुसरंच बिघडलं. सूचनेचेच शब्द पुन्हा वापरा, ते त्याच रकान्याजवळ दाखवा, आणि त्याने लिहिलेलं पुसू नका. अर्धा तास खपून भरलेला अर्ज एका चुकीपायी कोरा झालेला बघणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं आपल्या हातून व्हायला नको.

तुमच्या सूचना तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. एक करा: घरच्या कोणाला तरी, शक्यतो आई-वडिलांच्या वयाच्या माणसाला, फोन लावा. त्यांच्या हातात कागद असू द्या, समोर पडदा नको. तुम्ही फक्त रकान्याचं नाव आणि सूचना वाचा, जशी लिहिली आहे तशी, आणि त्यांनी उत्तर सांगावं. ज्या ठिकाणी तुम्हाला लिहिलेलं सोडून “म्हणजे काय, की…” असं सुरू करावं लागेल, तिथे थांबा आणि त्यानंतर जे बोललात ते उतरवून घ्या. बहुतेक वेळा तेच वाक्य रकान्यावर हवं असतं.

राहिला फोटोचा रकाना, ज्यावर तुम्ही ‘२० ते ५० केबी, जेपीईजी, ३.५ बाय ४.५ सेंमी’ असं लिहिलंय. मोबाइलवर काढलेला फोटो काही एमबीचा असतो आणि तो ५० केबीवर कसा आणायचा हे गावात फक्त ऑपरेटरला माहीत असतं. फोटो लहान करणं आणि चौकटीत कापणं हे ब्राउझरमध्येच करता येतं, तुमच्या डेव्हलपरला दोन-तीन दिवसांचं काम आहे. ते झालं की त्या रकान्यावर ‘चेहरा समोरून, टोपी आणि गॉगल काढून’ एवढंच ठेवा.